काय उघडायचं आणि कुठे उघडायचं: फ्रेमच्या जुन्या साइटमध्ये लिंक जोडताना

आमच्या सोसायटीतले एक काका निवृत्तीनंतर जुन्या पुण्यातल्या पेठांची माहिती गोळा करत असतात. त्यांची एक वेबसाइट आहे, वीसेक वर्षांपूर्वी भाच्याने करून दिलेली. डावीकडे पेठांची यादी, उजवीकडे माहिती. म्हणजे पडद्याचे दोन भाग आणि प्रत्येकात वेगळं पान. अशा एकेका भागाला फ्रेम म्हणतात. भाचा परदेशी गेला, साइट जशीच्या तशी राहिली. मागच्या पावसाळ्यात काकांचा फोन आला.

"अरे, मंडईचं नवं पान लिहिलंय मी. यादीत लिंकही टाकली. पण क्लिक केलं की ते पान डावीकडच्या त्या बोळातच उघडतंय, आणि यादी गायब!"

"काका, लिंकमध्ये टार्गेट दिलंय का तुम्ही?"

"ते काय असतं?"

पुढचे तीन-चार रविवार सकाळी आमचा हाच उद्योग चालला. ते लॅपटॉपसमोर, मी फोनवर. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो. साध्या पानात लिंकला एकच गोष्ट सांगावी लागते: काय उघडायचं. फ्रेमच्या पानात दुसरीही सांगावी लागते: कुठे उघडायचं. फ्रेमच्या साइटवर लिंकची जी गडबड होते, ती मी पाहिली तेवढी तरी बहुतेक वेळा या 'कुठे'पाशीच होते.

एक सूचना आधीच. फोनवर कोड सांगताना मी तो उच्चारून सांगायचो, खालीही तसाच देवनागरीत लिहिला आहे. टाइप करताना टॅग (कोनी कंसातल्या सूचना) आणि त्यांचे गुणधर्म (टॅगमध्ये बरोबरच्या चिन्हाआधी येणारे शब्द) इंग्रजी लहान अक्षरांतच टाइप करायचे. कोल्स म्हणजे सी-ओ-एल-एस, एचरेफ म्हणजे एच-आर-ई-एफ, आणि एसआरसी तर उच्चारातच आहे. फाइल आणि फ्रेम यांची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून मी मराठीत ठेवली आहेत. तुम्ही तीही इंग्रजी लहान अक्षरांत ठेवा, मधे रिकामी जागा न सोडता. याला कारण आहे. घरच्या विंडोजवर फाइलच्या नावातलं मोठं-लहान अक्षर चालून जातं. साइट जिथे ठेवलेली असते ते सर्व्हर बहुधा लिनक्सवर चालतात आणि तिथे मोठं एम आणि लहान एम ही दोन वेगळी अक्षरं असतात. घरी चालणारी लिंक सर्व्हरवर चढवल्यावर मेली, तर पहिला संशय यावर घ्या.

फ्रेमची नावं आधी कागदावर

लिंकला हात लावण्यापूर्वी साइटचं मुख्य पान नोटपॅडमध्ये उघडा. काकांच्या साइटचं पान, फाफटपसारा काढला तर, असं होतं:

<फ्रेमसेट कोल्स="220,*">
<फ्रेम एसआरसी="यादी.एचटीएमएल" नेम="डावी">
<फ्रेम एसआरसी="स्वागत.एचटीएमएल" नेम="मजकूर">
</फ्रेमसेट>

म्हणजे फ्रेमसेट या टॅगने पडदा उभा चिरून दोन भाग केले आहेत. पहिला 220 पिक्सेल रुंद, आणि तारांकन म्हणजे उरलेली सगळी जागा दुसऱ्याची. आडवे भाग हवे असतील तर कोल्सच्या जागी रोज येतं, आर-ओ-डब्ल्यू-एस. (काकांना हे 'दररोज'मधलं रोज वाटलं होतं. चूक माझ्या उच्चाराची.)

आपल्या कामाची गोष्ट इथे एकच: नेम. डाव्या खोलीचं, म्हणजे फ्रेमचं, नाव "डावी", उजव्या खोलीचं "मजकूर". ही नावं कागदावर उतरवून घ्या, अक्षर न अक्षर. कुठल्या फ्रेमला नेम दिलेलंच नसेल तर आत्ता द्या, नाहीतर बाहेरून तिच्याकडे लिंक पाठवताच येणार नाही. नेमच्या जागी नुसता आयडी दिलेला असेल तर तोही उपयोगाचा नाही, टार्गेट शोधतं ते नेमच.

आणखी एक. फ्रेमसेटच्या पानाला बॉडी टॅग (साध्या पानाचा दिसणारा मजकूर ज्यात असतो तो) नसतो, फ्रेमसेटच त्याची जागा घेतो. एका उत्साही रविवारी काकांनी फ्रेमसेटच्या आधी बॉडी उघडून "सुस्वागतम्" लिहिलं आणि अख्खी साइट जाऊन तेवढा एकच शब्द उरला. ब्राउझरला आधी बॉडी दिसली की तो पुढच्या फ्रेमसेटकडे पाहतच नाही.

पहिली लिंक

आता यादीची फाइल उघडा आणि मंडईची ओळ अशी करा:

<ए एचरेफ="मंडई.एचटीएमएल" टार्गेट="मजकूर">महात्मा फुले मंडई</ए>

एचरेफ म्हणजे काय उघडायचं, टार्गेट म्हणजे कुठे. टार्गेट लिहिलं नाही तर पान त्याच फ्रेममध्ये उघडतं जिथे ती लिंक आहे. काकांच्या बोळाचं रहस्य एवढंच होतं. लिंक डावीकडे, टार्गेट नाही, म्हणून 1886 साली उभी राहिलेली मंडई 220 पिक्सेलांत कोंबली गेली.

फाइलचा पत्ता लिहिताना बरेच जण फसतात. लिंक "मजकूर" फ्रेममध्ये उघडणार आहे म्हणून पत्ता त्या फ्रेममधल्या पानापासून मोजायचा, असं वाटतं. तसं नाही. पत्ता मोजला जातो तो लिंक ज्या फाइलमध्ये लिहिली आहे त्या फाइलपासून. यादीची फाइल मुख्य फोल्डरमध्ये आणि मंडईचं पान "शुक्रवार" नावाच्या फोल्डरमध्ये असेल, तर एचरेफमध्ये "शुक्रवार/मंडई.एचटीएमएल" यायला हवं, उजवीकडे त्या क्षणी काहीही उघडं असलं तरी.

सगळ्या यादीला एकदाच टार्गेट

काकांच्या यादीत पस्तीस लिंका. प्रत्येकीला टार्गेट लिहीत बसण्याऐवजी यादीच्या फाइलमध्ये हेडच्या, म्हणजे बॉडीच्या आधी येणाऱ्या टॅगच्या, आत ही एक ओळ टाकली:

<बेस टार्गेट="मजकूर">

आता या फाइलमधली प्रत्येक लिंक, स्वतःचं वेगळं टार्गेट नसेल तर, उजवीकडेच उघडेल. पस्तीस ठिकाणच्या टंकनचुकाही वाचल्या. मी कुणाचीही फ्रेमची साइट दुरुस्त करायला घेतली की पहिलं काम हेच करतो.

पण बेसला एक खोड आहे. यादी लांब असेल तर तळाशी "वर जा" अशी लिंक असते, त्याच पानाच्या माथ्याकडे नेणारी. बेस टाकल्यावर ती लिंकही उजवीकडे जाते, आणि मग डावीकडेही यादी, उजवीकडेही यादी असा देखावा होतो. अशा लिंकला टार्गेट="_सेल्फ" द्यायचं. सुरुवातीची ती आडवी रेघ, अंडरस्कोर, महत्त्वाची. तिच्याबद्दल आता.

अंडरस्कोरचे चार शब्द

फ्रेमला आपण देतो ती नावं आपली. त्याशिवाय चार नावं ब्राउझरने स्वतःसाठी राखून ठेवली आहेत आणि चारही अंडरस्कोरने सुरू होतात. _सेल्फ म्हणजे इथेच, याच फ्रेममध्ये. _ब्लँक म्हणजे नवा टॅब. _पेरेंट म्हणजे ही फ्रेम ज्या फ्रेमसेटने तयार केली त्याच्या जागी. _टॉप म्हणजे सगळ्या भिंती पाडून पूर्ण खिडकीत.

फ्रेमसेट एकच असेल तर _पेरेंट आणि _टॉप यांच्यात काही फरक नाही. फ्रेमसेटच्या आत दुसरा फ्रेमसेट असेल तेव्हाच तो दिसतो. _पेरेंट एक भिंत पाडतं, _टॉप सगळ्या.

_टॉप लागतं ते "मुख्य पानावर परत" या लिंकला. उजवीकडच्या पानात ही लिंक टार्गेटशिवाय लिहिलीत, तर मुख्य पान म्हणजे अख्खा फ्रेमसेट उजव्या फ्रेमच्या आत उघडतो. वाड्यात वाडा! डावीकडे यादी, उजवीकडे पुन्हा यादी आणि अर्ध्या रुंदीचं स्वागत. योग्य ओळ अशी:

<ए एचरेफ="इंडेक्स.एचटीएमएल" टार्गेट="_टॉप">मुख्य पान</ए>

नवा टॅब उघडतोय म्हणजे नाव चुकलंय

टार्गेटमध्ये लिहिलेलं नाव ब्राउझरला कुठेच सापडलं नाही, तर तो चूक दाखवत नाही. मुकाट्याने नवा टॅब उघडतो आणि त्या टॅबलाच ते नाव देतो. गंमत अशी की पुढच्या वेळी तेच चुकीचं नाव असलेली लिंक दाबली, की पान त्याच नव्या टॅबमध्ये जातं. "कधी नवा टॅब उघडतो, कधी नाही" असं कुणी म्हणालं, की मी सरळ नावाचं स्पेलिंग विचारतो.

नावातलं मोठं आणि लहान अक्षर वेगळं धरलं जातं. नावाच्या आधी किंवा नंतर चुकून पडलेली रिकामी जागाही नावाचाच भाग होते आणि ती डोळ्याला दिसत नाही, म्हणून फार सतावते. अंडरस्कोर विसरून नुसतं टॉप लिहिलं, तर ब्राउझर टॉप नावाची फ्रेम शोधतो, न मिळाल्यावर नवा टॅब. जुन्या साइटवर _न्यू असंही लिहिलेलं आढळतं. ते राखीव शब्दांत नाहीच. नव्या टॅबमध्ये उघडतं म्हणून लोकांना बरोबर वाटतं, पण दुसरी लिंक त्याच टॅबवर येऊन आदळते.

फ्रेमच्या आतलं नेमकं काय उघडलंय हे बघायला फायरफॉक्स सोयीचा. फ्रेमच्या आत उजवं बटण दाबलं की "धिस फ्रेम" असा पर्याय येतो. त्यातून ती एकटी फ्रेम नव्या टॅबमध्ये उघडता येते, तिचा कोडही बघता येतो.

पानातल्या नेमक्या जागी

शनिवारवाड्याचं पान काकांनी भलतंच लांब केलं आहे. 1730 च्या पायाभरणीपासून 1828 च्या आगीपर्यंत सगळं, आणि पुढे पाच दरवाज्यांपैकी प्रत्येकावर वेगळा मजकूर. यादीतून थेट दिल्ली दरवाज्यावर उडी हवी होती. त्यासाठी शनिवारवाड्याच्या पानात त्या मथळ्याला आयडी द्यायचा:

<एच2 आयडी="दिल्ली">दिल्ली दरवाजा</एच2>

आणि यादीत:

<ए एचरेफ="शनिवारवाडा.एचटीएमएल#दिल्ली" टार्गेट="मजकूर">दिल्ली दरवाजा</ए>

फाइलचं नाव गाळून नुसतं "#दिल्ली" लिहायचा मोह होतो, कारण उजवीकडे शनिवारवाडा उघडाच आहे. पण नुसत्या हॅशचा अर्थ "याच फाइलमधली ती जागा" असा, आणि ही फाइल म्हणजे यादी. मग यादीच उजवीकडे उघडते. जुन्या पानांत आयडीऐवजी ए टॅगला नेम देऊन खूण केलेली असते. तीही ब्राउझर अजून ओळखतात, बदलायची घाई नको.

एका क्लिकवर दोन फ्रेम

हा प्रश्न येणारच होता. काकांना हवं होतं असं: डावीकडे शनिवार पेठ दाबली की उजवीकडे वरच्या पट्टीत त्या पेठेतल्या ठिकाणांची छोटी यादी यावी आणि खाली माहिती. म्हणजे एका क्लिकवर दोन फ्रेम बदलायला हव्यात. एका ए टॅगला टार्गेट एकच देता येतं. जावास्क्रिप्टने हे जमतं, पण त्याशिवायही वाट आहे आणि मला तीच जास्त पटते.

उजवीकडे पान न उघडता आणखी एक फ्रेमसेट उघडायचा. "शनिवार-जोडी.एचटीएमएल" नावाची नवी फाइल करायची:

<फ्रेमसेट रोज="80,*">
<फ्रेम एसआरसी="शनिवार-पट्टी.एचटीएमएल" नेम="पट्टी">
<फ्रेम एसआरसी="शनिवारवाडा.एचटीएमएल" नेम="तपशील">
</फ्रेमसेट>

यादीतली लिंक या जोडीच्या फाइलकडे आणि टार्गेट "मजकूर". क्लिक एकच, पण जोडी येताना आपल्या दोन्ही फ्रेम घेऊन येते. पट्टीतल्या लिंकांचं टार्गेट "तपशील". बुधवार पेठेसाठी तशीच दुसरी जोडी, तिच्या पट्टीत तुळशीबाग आणि अप्पा बळवंत चौक. सगळ्या जोड्यांत आतली नावं तीच ठेवली तरी चालतात, कारण एका वेळी एकच जोडी उघडी असते. मात्र आतल्या फ्रेमला बाहेरच्या फ्रेमचं नाव देऊ नका. एकाच नावाच्या दोन खोल्या झाल्या की पाहुणा कुठे जाईल याचा भरवसा नाही.

इथे _पेरेंटचा खरा उपयोग कळतो. पट्टीतून टार्गेट="_पेरेंट" दिलं तर जोडी जाऊन तिच्या जागी नवं पान येतं, डावीकडची यादी मात्र शाबूत राहते.

बाहेरच्या साइट

दुसऱ्या कुणाची साइट आपल्या फ्रेममध्ये उघडू नका. एक तर वाचणाऱ्याला ती आपलीच वाटते. दुसरं, आता बहुतेकदा ती उघडतच नाही. बऱ्याच साइट सर्व्हरकडून एक्स-फ्रेम-ऑप्शन्स नावाची सूचना पाठवतात, "मला कुणाच्या फ्रेममध्ये दाखवू नका" अशी, आणि ब्राउझर ती पाळतो. आपल्याला दिसते कोरी चौकट किंवा नकाराचा संदेश. आपण कोडमध्ये कितीही डोकं आपटलं तरी ते बदलत नाही. बाहेरच्या लिंकला _टॉप किंवा _ब्लँक द्या आणि मोकळे व्हा.

व्हॉट्सॲपवर पाठवायचा पत्ता

फ्रेमचं खरं दुखणं हे. उजवीकडे कुठलंही पान उघडा, वरच्या पत्त्याच्या पट्टीत पत्ता फ्रेमसेटचाच राहतो. काका उत्साहाने मंडईचं पान उघडायचे, वरचा पत्ता उचलून ग्रुपवर पाठवायचे आणि सगळ्यांना स्वागताचंच पान दिसायचं. उलट, गूगलवरून कुणी आलं तर ते थेट मंडईच्या पानावर उतरतं, यादीशिवाय, पोरक्या पानावर.

दोन उपाय, दोन्ही साधे. प्रत्येक मजकुराच्या पानाच्या वर "पूर्ण साइट यादीसह पाहा" ही _टॉपची लिंक ठेवायची. आणि वारंवार पाठवायच्या पानांसाठी मुख्य फ्रेमसेटची नक्कल करायची, फक्त दुसऱ्या फ्रेमचा एसआरसी बदलून. "मंडई-थेट.एचटीएमएल" मध्ये डावीकडे तीच यादी, उजवीकडे मंडई. ग्रुपवर हा पत्ता पाठवायचा. शंभर पानांना हे करणं वेडेपणा आहे, काकांनी सहांना केलं. नकलेत फ्रेमची नावं मूळचीच ठेवा, नाहीतर यादीतल्या सगळ्या लिंका नव्या टॅबमध्ये उघडू लागतील. टायटलही बदला, कारण टॅबवर दिसतं ते फ्रेमसेटचं टायटल, आतल्या पानाचं नाही.

जाता जाता मराठी अक्षरांबद्दल. डावीकडे मराठी नीट आणि उजवीकडे अगम्य चिन्हं असं दिसलं तर लिंक दोषी नाही. फ्रेममधली प्रत्येक फाइल स्वतंत्र पान असते, म्हणून प्रत्येकीच्या हेडमध्ये मेटा कॅरसेट यूटीएफ-8 ची ओळ (अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवली आहेत हे ब्राउझरला सांगणारी) हवी आणि फाइल सेवही त्याच पद्धतीने झालेली हवी. जुना मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर या ओळीनेही भागत नाही, तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो.

हे किती दिवस

फ्रेम आल्या त्या 1996 च्या नेटस्केप नॅव्हिगेटर 2.0 या ब्राउझरबरोबर. आपल्याकडे व्हीएसएनएल या सरकारी कंपनीचं इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 ला सुरू झालेलं, मोडेम कुरकुरत जोडला जायचा. प्रत्येक पानासोबत तीच यादी पुन्हा उतरवावी लागू नये, ही तेव्हा खरीच बचत होती. वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलच्या डिसेंबर 1997 च्या 4.0 आवृत्तीने फ्रेमना अधिकृत जागा दिली, ऑक्टोबर 2014 च्या एचटीएमएल 5 ने ती काढून घेतली. ब्राउझर अजून फ्रेमसेट दाखवतात, पण नवी साइट फ्रेमवर उभारू नये हे माझं स्पष्ट मत. फोनवर बघा म्हणजे पटेल. 360 पिक्सेल रुंदीच्या पडद्यातले 220 यादीने खाल्ले, तर मंडईला उरतात 140.

मधला टप्पा हवा असेल तर आयफ्रेम आहे, म्हणजे साध्या पानातच बसवलेली एक फ्रेम. ती एचटीएमएल 5 मध्येही चालते, साध्या पानाच्या बॉडीत बसते आणि नेम-टार्गेटची जोडी तिथेही हुबेहूब तशीच वागते. यादी पानात सरळ लिहायची, शेजारी नेम="मजकूर" असलेली आयफ्रेम ठेवायची. जुन्या लिंका न बदलता चालतात. मात्र आयफ्रेम आतल्या मजकुराप्रमाणे आपोआप उंच होत नाही, उंची आपणच द्यावी लागते. शिवाय पत्त्याच्या पट्टीचं दुखणं जसंच्या तसं राहतं.

पुढे कधी फ्रेम पूर्ण काढून प्रत्येक पानातच यादी घालायचं ठरवलंत, आणि मांडणी सीएसएसवर (पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांवर) सोपवलीत, तर त्या दिवशी सगळ्या फाइलमध्ये "टार्गेट" हा शब्द शोधा. काकांची साइट दिवाळीत बदलली तेव्हा मीच हे विसरलो. फ्रेम गेल्या, पण यादीत बेस टार्गेट "मजकूर" तसंच राहिलं. त्या नावाची खोली आता नव्हतीच, म्हणून यादीतली पेठ दाबली की नवा टॅब. दोन दिवसांनी काकांचा फोन आला. "अरे, नाव चुकलंय बहुतेक कुठेतरी, स्पेलिंग बघ बरं."